डोळ्याच्या तळाचं चित्र

माझ्या नवऱ्याचा हात माझ्यावर पहिल्यांदा पडला तेव्हा त्याला मला मारायचं नव्हतं. सकाळची वेळ होती. कामावर निघण्याआधी तो पाटावर बसून पेज पीत होता आणि मी त्याच्या डावीकडून वाकून सुक्या बोंबलाची वाटी ठेवत होते. तो एकदम दचकला आणि त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. पुढचा एक दात तुटून पेजेच्या ताटलीत पडला.

"चोरासारखी काय येतेस?" तो म्हणाला.

मी बांगड्या वाजवत आले होते. त्याला दिसेल अशी आले होते, असं मला वाटत होतं.

नवऱ्याला मी इथे 'तो' म्हणते आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही, पण कागदावर 'ते' लिहायला बसले की हात चालत नाही. माझे वडील राजापूरकडच्या एका गावात शाळामास्तर होते, त्यांनी मला लिहायला शिकवलं. लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले ती तेवढी एकच विद्या घेऊन, आणि त्या घरात तिचा कुणाला उपयोग नव्हता. घरात सासूबाई, धाकटा दीर, आम्ही दोघं आणि आमची लहान मुलगी. सासरे गावी होते. तरणेपण सरतासरताच त्यांचे डोळे गेले होते आणि ते ओसरीवर बसून असत. त्यांच्या दोन चुलत्यांचंही तसंच झालं होतं. गावात म्हणत, त्या घराला शाप आहे.

माझा नवरा परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात जॉबर होता. साच्यांवर, म्हणजे मागांवर, माणसं लावायची, काढायची, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. तालमीतलं शरीर, आवाज मोठा. त्याच्या आधीच्या जॉबरला माणसं शिव्या द्यायची, याला द्यायची नाहीत, कारण हा उगाच कुणावर हात टाकत नसे. हे मी मुद्दाम लिहिते. पुढे जे झालं ते वाचून कुणी म्हणेल की तो जन्माचाच तसा होता. तसा नव्हता.

दात तुटला त्या वर्षात सगळं बदललं. जिन्यात कुणी डावीकडून उतरलं की त्याचा खांदा त्या माणसाला लागायचा आणि भांडण व्हायचं. नळावर शेजारणीची भरलेली घागर त्याच्या पायाने उलटली. तिचा नवरा जाब विचारायला आला, तर याने त्याला गॅलरीच्या कठड्यावर दाबून धरलं. खाली रस्ता होता. चार माणसांनी ओढून सोडवलं. आपण कुणाला धडकतो हे त्याच्या ध्यानातच येत नसे. त्याला वाटे, लोक मुद्दाम आपल्या अंगावर येतात. जॉबराला शत्रू काय कमी असतात? आणि एका बाजूच्या अंधारातून कुणी झडप घालील, अशा धास्तीत तो सारखा जगत होता. त्यामुळे त्याचा हात आधी उठायचा, मग बघणं.

सासूबाई मला म्हणत, "तुझा पाय लागला नि माझ्या पोराच्या डोक्यात वारं शिरलं."

गिरणीतही तेच चाललं होतं, ते मला दिराकडून कळायचं. तो त्याच खात्यात साच्यावर होता. दोन साच्यांच्या मधली वाट अरुंद, एक माणूस जेमतेम जाईल एवढी. एक दिवस एक विणकर हातात सुताची टोपली घेऊन डाव्या अंगाने त्या वाटेत शिरला. माझा नवरा पुढे जात होता, तो त्याच्यावर आदळला. टोपली सांडली. याने मागेपुढे न बघता त्याला ढकललं. विणकराचा तोल गेला आणि आधाराला धरायला गेलेला त्याचा हात चालू साच्यात गेला. दोन बोटं चेचली. दीर सांगत होता, तो माणूस ओरडलासुद्धा नाही, नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला, आणि साच्यावरच्या पांढऱ्या कापडावर रक्त विणलं जात होतं.

"दादाला तो दिसलाच नाही, वहिनी," दीर म्हणाला. "मी समोर होतो. तो माणूस दादाच्या खांद्याशी होता, आणि दादाला दिसला नाही."

"तुम्ही बोललात का कुणाला?"

"कुणाला बोलू? दादाला?"

त्या विणकराची बोटं कापावी लागली. कामावरून त्याला काढलं. पुढे बरेच दिवस त्याचं काही आमच्या कानावर आलं नाही.

मग एका संध्याकाळी भोंगा होऊन गिरण्या सुटल्या होत्या आणि मी गॅलरीत मुलीचे केस विंचरत उभी होते. खाली रस्त्यावर माणसांची रीघ होती. माझा नवरा नाक्यावरून येताना दिसला. समोरच्या वखारीच्या दारातून तो विणकर निघाला. एका हाताला फडकं गुंडाळलेलं, दुसऱ्या हातात जाड दांडा. तो लपूनछपून आला नाही. उघड, रस्ता ओलांडून, दांडा वर उचलून आला. वरच्या बायका ओरडल्या. मीही ओरडले. रस्त्यावरची माणसं बाजूला झाली. विणकर त्याच्या डावीकडून येत होता, अगदी चार हातांवर, आणि माझा नवरा वर आमच्याकडे बघून विचारत होता, "काय झालं?"

दांडा त्याच्या कानशिलावर बसला. तो गुडघ्यावर आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसऱ्या घावाला त्याने दांडा पकडला, विणकराला खाली खेचलं आणि त्याच्या छातीवर बसून त्याच्या तोंडावर बुक्क्या मारायला लागला. स्वतःच्या कानातून रक्त वाहत असताना तो मारत होता. माणसांनी दोघांना वेगळं केलं तेव्हा विणकराचा चेहरा ओळखू येत नव्हता.

मला त्या क्षणी कळलं. भीतीने मुलीचे केस मी मुठीत इतके घट्ट धरले होते की ती रडत होती, आणि माझ्या मनात एकच होतं: याला डावीकडचं काही दिसत नाही. कितीतरी दिवसांपासून दिसत नाही.

दिराने आणि शेजाऱ्यांनी त्याला हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं. विणकराला पोलीस घेऊन गेले.

शुद्धीवर आल्यावर माझा नवरा म्हणाला, डाव्या डोळ्यापुढे काळोख आहे. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते पारशी होते, वयस्कर, मराठी बोलत ते मोडकं पण समजेल असं. त्यांनी त्याला एका लहान खोलीत बसवलं, भर दुपारी खिडक्या लावून अंधार केला, त्याच्या डोक्यामागे दिवा ठेवला आणि मध्ये भोक असलेला एक छोटा आरसा आपल्या डोळ्याला लावला. आरशातून उजेड त्याच्या बुबुळात पाडत ते कितीतरी वेळ आत बघत राहिले. आधी डावा, मग उजवा. मग त्यांनी आपलं बोट बाजूने हळूहळू पुढे आणलं आणि बोट दिसलं की सांग म्हणाले. डावीकडून बोट नाकासमोर येईपर्यंत तो गप्प होता. उजवीकडूनही ते उशिराच दिसलं.

मग त्यांनी खिडकी उघडली आणि रंगीत पेन्सिलींनी कागदावर दोन गोल काढायला घेतले. त्यांचा हात चित्रकारासारखा चालत होता. ते प्रत्येक रोग्याच्या डोळ्याचं असं चित्र काढून ठेवत, पुढच्या वेळी ताडून बघायला.

"ही डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस," ते मला म्हणाले. "तिचं तोंड आत असं दिसते. चांगल्या डोळ्यात ते भरलेलं असते, मध्ये थोडी खळी. तुझ्या धन्याचं हे बघ. सगळं आतून खाल्लेलं. वाटी झाली आहे. रक्ताच्या शिरा काठावरून आत वाकतात, विहिरीत दोर सोडावा तशा."

"हे काठीने झालं?" मी विचारलं.

"काठीने असं होत नाही. उजव्या डोळ्याला काठी लागली नाही, तिथेपण वाटी झाली आहे. ह्याला काचबिंदू बोलतात. वर्षं लागतात. दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. बाजूचं आधी जाते, समोरचं शेवटी." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाचे डोळे गेले?"

मी सासऱ्यांचं सांगितलं, त्यांच्या चुलत्यांचं सांगितलं. दात तुटला तेव्हापासूनचंही सांगितलं. माझा नवरा खुर्चीत बसून ऐकत होता. डॉक्टर म्हणाले, "भाऊ असेल तर त्याला लवकर घेऊन ये. त्याला दिसत असलं तरी. दिसते तोपर्यंतच आणायचं."

एवढ्यावर तो उठला आणि त्याने डॉक्टरांचा गळा धरला. आरसा खाली पडला. "माझा डोळा त्यानं फोडलान," तो ओरडत होता. "त्यानं फोडलान, आणि तू ह्या बाईला काय शिकवतोस?" वॉर्डबॉय धावत आले. त्याला सोडवायला तीन माणसं लागली. डॉक्टर खोकत भिंतीला टेकले. त्यांनी पोलिसांत कळवलं नाही. म्हणाले, "आंधळा होणारा माणूस आहे, मारणारच कोणाला तरी."

घरी आल्यावर चाळीत एकच बोलणं होतं. विणकराने जॉबराचा डोळा फोडला. डोळा गेला म्हणजे शिक्षा मोठी होणार. माझा नवरा रोज खोलीत माणसं जमवून सांगत होता की तो विणकर म्हातारा होऊन सुटेल. सासूबाई देवापुढे तेच मागत होत्या. दिराला मी डॉक्टरांचा निरोप दिला. तो हसला. "मला दोन फर्लांगावरचं दिसतं, वहिनी. माझ्या डोळ्यांना काय झालंय?" मग हळू आवाजात म्हणाला, "आणि दादाला कळलं, मी त्या डॉक्टरकडे गेलो, तर तो मला जिवंत ठेवील का?"

कोर्टात डॉक्टरांना साक्षीला बोलावलं होतं. त्यांनी चित्र नेलं होतं. दुभाष्याने त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं: डोक्याला मार लागला हे खरं, पण दृष्टी त्या माराने गेलेली नाही, ती आधीच जात होती, आणि हे या माणसाच्या बायकोनेही सांगितलं होतं. मॅजिस्ट्रेट साहेबाने चष्म्यातून आमच्याकडे बघितलं. मी बायकांत मागे बसले होते. मला उभं केलं.

साहेबाने विचारलं, मारामारीच्या आधी माझ्या नवऱ्याला नीट दिसत होतं का.

विणकर पिंजऱ्यात उभा होता. एक डोळा अजून सुजलेला, हाताच्या दोन बोटांच्या जागी पट्टी. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझा नवरा बघत होता. मान पूर्ण वळवून, समोरच्या उरल्यासुरल्या नजरेत मला धरून.

"नाही," मी म्हटलं. "डावीकडचं दिसत नव्हतं. वर्ष झालं असेल."

"तुला कसं माहीत?"

मी पदर बाजूला करून तुटलेला दात दाखवला आणि तो कसा तुटला ते सांगितलं.

विणकराला मारामारीची शिक्षा झाली, काही महिन्यांची. डोळा फोडल्याची झाली नाही.

घरी पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. सासूबाई मुलीला घेऊन शेजारी गेल्या. जाताना त्यांनीच दार ओढून घेतलं, हे मी विसरलेले नाही. त्याने आतून कडी घातली. कोपऱ्यात गिरणीतल्या चामड्याच्या पट्ट्याचा तुकडा होता, तालमीत कमरेला बांधायला आणलेला. त्या पट्ट्याने त्याने मला मारलं. मी डावीकडे सरकत राहिले, कारण तिकडे त्याला दिसत नव्हतं, पण खोली केवढीशी. पट्टा भिंतीला लागायचा, मडक्यांना लागायचा, मग मला लागायचा. मला ओरडायला दम उरला नाही. शेवटी मी चुलीशी पडले आणि त्याने माझ्या हातावर पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

दीर कामावरून तेव्हाच आला होता. त्याने खांद्याने दार फोडलं. "दादा, सोड तिला."

मग दोघे भाऊ भिडले. तालमीत दिराने त्याला कधी हरवलं नव्हतं. मी जमिनीवरून बघत होते. दीर त्याच्या डावीकडे सरला आणि माझा नवरा रिकाम्या जागेवर बुक्की मारायला लागला, जिथे तो आधी होता तिथे. पुन्हा मारली. पुन्हा. दीर त्याच्या खांद्याशी उभा होता आणि माझा नवरा त्याला समोर शोधत होता. दिराचा वर उचललेला हात तसाच राहिला. मग त्याने भावाला मागून मिठी मारून खाली बसवलं आणि स्वतः रडायला लागला. माझा नवरा सुटायची धडपड करत राहिला, दमेपर्यंत.

माझा हात बांधायला मला त्याच इस्पितळात नेलं. तिथे दीर आपण होऊन डॉक्टरांसमोर जाऊन बसला. म्हणाला, "माझं बघा."

खिडक्या लावल्या, दिवा आला. डॉक्टर फार वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी चित्र काढलं. त्यातली खळी नवऱ्याच्या वाटीएवढी खोल नव्हती, पण असायला हवी त्यापेक्षा मोठी होती. एका बाजूने काठाकडे सरकलेली.

"बोट सगळीकडून दिसते तुला," डॉक्टर म्हणाले. "अजून काही गेलं नाही. तुझ्या भावाचं असं होतं तेव्हा कोणी बघितलं नाही."

"आता काय करायचं?"

"थेंब घालायचे. आणि बुबुळाचा लहान तुकडा कापायचा, पाण्याला वाट होते. नक्की सांगत नाही. कोणाला फायदा होतो, कोणाला नाही. पण थांबलास तर काय होते ते तू घरी बघतोच."

दीर तालमीत पडलेला, गिरणीत हात भाजलेला माणूस. पण डोळे कापायच्या दिवशी त्याला खाटेवर निजायला दोनदा सांगावं लागलं. डोळ्यात औषध घालून बधिर केलं तरी सुरी येताना दिसते, असं त्याने मला नंतर सांगितलं. दोन माणसांनी त्याचं डोकं धरलं होतं. तो म्हणाला, इतका मार खाल्ला, इतका दिला, पण हात न उचलता पडून राहायचं, हे सगळ्यात कठीण. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून तो खाटेवर पडला होता तेव्हा सासूबाई येऊन गेल्या. मोडका हात झोळीत ठेवून मी दुसऱ्या हाताने त्याला पेज भरवत होते. त्या दारातून म्हणाल्या, "दोन्ही पोरांचे डोळे खाल्लेस." दीर पट्टीखालून म्हणाला, "आये, ते आमच्या रक्तातलं आहे. तुझ्या घोवाकडून आलेलं. हिला बोलू नकोस." सासूबाई दारातूनच परत फिरल्या.

पट्ट्या निघाल्यावर त्याने डॉक्टरांकडून आपलं चित्र मागून घेतलं आणि घरी नेलं. माझा नवरा भिंतीला टेकून बसला होता. त्याला अजून समोरचं थोडं दिसत होतं, नळीतून बघावं तसं. दिराने कागद त्याच्या हातात दिला. म्हणाला, "दादा, हे माझ्या डोळ्याचं. मला कुणी काठी मारलेली नाही."

त्याने कागद नाकाशी धरला, दूर नेला, परत जवळ आणला. खूप वेळ. मला वाटलं तो फाडणार. त्याने कागद जमिनीवर नीट ठेवला, वळला आणि भिंतीवर कपाळ आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त आलं तरी थांबेना. दिराने त्याला धरलं तेव्हा तो त्याला ढकलत नव्हता, फक्त विचारत होता, "मग त्या माणसाची बोटं?"

विणकर तुरुंगातून सुटला तेव्हा गिरणीतल्या माझ्या नवऱ्याच्या खात्यातल्या माणसांनी, त्याने न सांगता, चिंचपोकळीच्या पुलाजवळ त्याला गाठून पुन्हा मारलं. तो मुंबई सोडून गेला. कुठे गेला ते मला माहीत नाही.

त्या पावसाळ्यानंतर कोकणच्या बोटी पुन्हा सुरू झाल्यावर माझा नवरा आईबरोबर गावी गेला. मला ये म्हणाला नाही, आणि मी निघाले नाही. धक्क्यावर दीर पोचवायला गेला होता. मी एका गिरणीत रिळांच्या खात्यात लागले. हात नीट जुळला नव्हता, पण रीळ धरता येत होतं. दिराने लग्न केलं, आम्ही सगळे एकाच चाळीत राहिलो. तो दरसाल डॉक्टरांकडे जाऊन बसायचा आणि ते नवं चित्र जुन्याशेजारी ठेवून बघायचे. काही वर्षं खळी होती तेवढीच राहिली. मग एका डोळ्यात थोडी वाढली. पण तो साच्यावर काम करत राहिला, आणि आपल्या मुलांचे चेहरे ती मोठी झाल्यावरही त्याला दिसत होते.

माझी मुलगी वयात आल्यावर तिलाही मी घेऊन गेले. तोवर ते म्हातारे डॉक्टर गेले होते आणि त्यांच्या जागी दुसरे होते. त्यांनी बघून सांगितलं, आत्ता काही नाही, पण येत जा. परतताना तिने विचारलं, "बाबांना भेटून येऊ?"

"काकांबरोबर जा," मी म्हटलं.

ती गेली आणि पंधरवड्याने आली. येताना बापाने दिलेली आमसुलांची पिशवी आणली होती. ती मी फळीवर ठेवली.